‘मी तिला कधी हातही लावला नाही’

पत्राचा सारांश: बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या ३१ वर्षांच्या अविवाहित वाचकाचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आठ महिन्यांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका गावातून २३ वर्षांची एक तरुणी त्यांच्या विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाली. कारखान्यातील बहुतेक व्यवहार कन्नडमध्ये चालतो आणि तिला कन्नड जेमतेम समजते. त्यामुळे परिपत्रके, रजेचे अर्ज, पगाराच्या स्लिपवरील कपाती असे सारे समजून घेण्यासाठी ती या मराठी सुपरवायझरकडे येत असे. पावसाळ्यात त्यांनी तिला दोनदा मोटारसायकलवरून खानापूर रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत सोडले. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, त्या रात्री त्यांनी ‘साडीत फार सुंदर दिसत होतीस’ असा मेसेज पाठवला. तिने ‘थँक्यू सर’ असे उत्तर देऊन नमस्काराचे चिन्ह पाठवले. मग रोज रात्री मेसेज जाऊ लागले. तिची उत्तरे हळूहळू ‘हो सर’, ‘ओके सर’ इतकीच उरली आणि पुढे तीही थांबली. तेव्हा त्यांनी ‘रागावलीस का?’, ‘माझे काय चुकले ते तरी सांग’ असे वारंवार विचारले आणि निवांत बोलता यावे म्हणून तिची पाळी बदलून तिला आपल्या पाळीत घेतले. सहकारी तिला त्यांच्यासमोर ‘वहिनी’ म्हणू लागले, त्याला त्यांनी हसून दाद दिली. दहा दिवसांपूर्वी हिशेब विभागातील एका ज्येष्ठ बाईंनी (त्यांना सगळे अक्का म्हणतात) या सुपरवायझरना बाजूला घेऊन सांगितले की, त्या मुलीला तुमचा त्रास होतो आहे, मेसेज बंद करा, नाहीतर गोष्ट कमिटीपर्यंत, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कारखान्याच्या समितीपर्यंत जाईल. ते विचारतात, ‘मी तिला कधी हातही लावला नाही, घाणेरडे बोललो नाही, माझ्या मनात लग्नाचाच विचार होता. तिने एकदाही नको म्हटले नाही. मग हा लैंगिक छळ कसा? तिच्या घरी जाऊन रीतसर मागणी घातली तर गैरसमज दूर होईल का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे. तिच्या घरी जाऊ नका. स्वतः जाऊ नका, मामांना किंवा काकांना पाठवू नका, तिच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकरवी विषय काढू नका. तुमच्या मनात या भेटीचे चित्र असे असेल की, वडीलधारी माणसे बसली आहेत, चहा झाला आहे आणि तुमच्या हेतूबद्दलची शंका फिटली आहे. तिच्या घरात त्या दिवशी काय होईल याचाही विचार करा. पाहुणे निघून गेल्यावर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल: ‘कारखान्यात तू असे काय वागलीस, की साहेब घरापर्यंत आले?’ आपल्या भागातल्या खेड्यांत मुलीची नोकरी किती नाजूक धाग्यावर लोंबकळत असते हे तुम्हालाही माहीत आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील सरकारी बसगाड्यांतून बायकांना फुकट प्रवास करता येऊ लागला, तेव्हा रोजच्या तिकिटाचा एक अडसर दूर झाला. पण ‘बाहेर मुलीचे नाव निघाले’ हा अडसर कोणत्याही योजनेने दूर होत नाही. तुमच्या मागणीचा पहिला परिणाम तिचे कामावर येणे बंद होणे हा असू शकतो. त्यातही दबाव असा की, वरिष्ठाने आणलेले स्थळ नाकारून दुसऱ्या दिवशी त्याच वरिष्ठाकडे हजेरी लावायची, हे धैर्य आपण एका प्रशिक्षणार्थी मुलीकडून मागत आहोत.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुम्ही तीन गोष्टींवर भिस्त ठेवली आहे: स्पर्श केला नाही, हेतू चांगला होता आणि तिने नको म्हटले नाही. या तिन्ही समजुती तुमच्या एकट्याच्या नाहीत. मला येणाऱ्या अशा पत्रांत त्या वारंवार दिसतात, म्हणून त्यांच्याकडे जरा सविस्तर पाहू या.

स्पर्शाचा मुद्दा कायद्याने फार पूर्वीच निकालात काढला आहे. राजस्थानातील साथिन, म्हणजे गावपातळीवर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या सरकारी कार्यकर्त्या, भंवरीदेवी यांच्यावर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ च्या विशाखा निकालातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची पहिली व्याख्या आपल्याला मिळाली. दुसऱ्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने, प्रत्यक्ष स्पर्श झाला नव्हता असे म्हणून एका अधिकाऱ्याची बडतर्फी रद्द केली होती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम केली आणि अशा वागण्याला प्रत्यक्ष स्पर्शाच्या मोजपट्टीने मोजता येणार नाही, असे स्पष्ट केले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शारीरिक लगट हा छळाचा केवळ एक प्रकार आहे. त्याच व्याख्येत लैंगिक संबंधाची मागणी, लैंगिक रोखाचे शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि शब्दांनी किंवा शब्दांविना केलेले लैंगिक स्वरूपाचे इतर वर्तनही येते. या सर्वांना जोडणारा शब्द एकच आहे, आणि तो म्हणजे ‘नकोसे’. हे वर्तन समोरच्या स्त्रीला हवे होते की नको होते, यावरून त्याचे स्वरूप ठरते. तुमचा हेतू तुमच्या मनात होता. तिच्या हातात आले ते रात्रीचे मेसेज, बदललेली पाळी आणि ‘वहिनी’ ही हाक.

म्हणून हेतूला काहीच किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. तुम्ही मुद्दाम छळ मांडला असता तर मला पत्र लिहिले नसते. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. खंडेनवमीच्या रात्रीचा तो एक मेसेज तेवढाच राहिला असता, तर मी त्याला अनुचित म्हटले असते, पण छळ म्हटले नसते. एका माणसाला दुसरे माणूस आवडावे, त्याने ते एकदा, नम्रपणे, समोरच्याला सहज नाही म्हणता येईल अशा रीतीने सांगावे, यात गुन्हा नाही. आपल्याकडे अनेक चांगले संसार कारखान्यांत, शाळांत आणि बँकांत जुळलेले आहेत. ज्याला आजकाल फ्लर्टिंग म्हणतात, ती लाडिक थट्टा हाही माणसांच्या आनंदाचाच भाग आहे. मात्र ती फुगडीसारखी दोघांनी मिळून खेळायची असते आणि एकाने पुरे म्हटले की थांबायची असते. ती खेळकर आहे की नाही हे ओळखणे वाटते तितके अवघड नाही. तुमच्या फोनमधील त्या संभाषणावरून एकदा शांतपणे नजर फिरवा. त्यातले किती संभाषण तिने सुरू केले होते, आणि ते रजा, पाळी, परिपत्रक याखेरीज कशाबद्दल होते? तुम्ही केलेल्या कौतुकाला तिने कधी कौतुकाने उत्तर दिले का? तुमच्या घराबद्दल, आवडीनिवडींबद्दल तिने आपणहून काही विचारले का? ‘सर’ हा शब्द तिने एकदा तरी सोडला का? तुम्ही पत्रात उतरवून पाठवलेल्या मेसेजमध्ये मला असे एकही उदाहरण सापडले नाही.

आणि आता तिसरी समजूत, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: तिने नको म्हटले नाही. तिने ते म्हटले होते. उत्तरे आखूड केली तेव्हा म्हटले, उत्तर देणे थांबवले तेव्हा पुन्हा म्हटले. तुम्ही ते वाचलेतही, कारण त्याशिवाय तुम्ही ‘रागावलीस का?’ असे विचारले नसते. फक्त तुम्ही त्या गप्प राहण्याचा अर्थ नकार असा न लावता रुसवा असा लावलात. हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. मुलगी गप्प राहिली की ती लाजली, ती टाळू लागली की ती भाव खाते, ती चिडली की तिच्या मनात काहीतरी आहे, असे अर्थ आपल्या बोलण्यात इतके मुरलेले आहेत, की बाईच्या कोणत्याच वागण्याचा अर्थ नकार असा निघू शकत नाही. आपल्याकडे ‘छेडछाड’ हा शब्दसुद्धा इतका हलका आहे, की त्यात जिला छेडले जाते तिचा त्रास ऐकूच येत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, तिने तोंडावर स्पष्ट सांगायला काय हरकत होती? हरकत तुमच्याच पत्रात लिहिलेली आहे. तिची हजेरी तुमच्या हातात, ओव्हरटाईमची यादी तुमच्या हातात, प्रशिक्षणाचा काळ संपल्यावर तिला कायम करायचे की नाही याची शिफारसही तुमची. पाळी तर तुम्ही प्रत्यक्ष बदलून दाखवलीत. ती बदलताना तुमच्या मनात दोन घटका बोलायला मिळावे एवढेच असेल, पण तिला त्यातून कळले ते हे की, मी उत्तर दिले नाही तर हा माणूस माझ्या कामाचे वेळापत्रक हलवू शकतो. संपूर्ण पत्रात मला सर्वांत गंभीर वाटली ती हीच गोष्ट. नोकरीत सवलतीचे आमिष, नुकसानीची धमकी, कामात अडथळा किंवा दहशतीचे वातावरण, आणि तेही स्पष्ट शब्दांतच असले पाहिजे असे नाही, या बाबी लैंगिक स्वरूपाच्या वर्तनाशी जोडलेल्या असल्या तर कायदा त्यांना छळाच्या कक्षेत धरतो. समितीपुढे प्रकरण गेले, तर साडीच्या कौतुकापेक्षा पाळीच्या बदलाबद्दल तुम्हाला अधिक प्रश्न विचारले जातील, असे मला वाटते.

येथे मी माझ्या आयुष्यातील एक गोष्ट सांगते. सुमारे ४० वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात टंकलेखिका होते. तेथील वरिष्ठ रोज सकाळी माझ्या केसांतील अबोलीच्या गजऱ्याबद्दल काहीतरी बोलत आणि मी हसत असे. मी अकरा महिने हसले, आणि त्याच काळात मी केसांत फुले माळणे सोडले. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना कुणी विचारले असते, तर ‘तिने कधी नको म्हटले नाही’ असे त्यांनीही प्रामाणिकपणे सांगितले असते. तुमच्या ‘थँक्यू सर’बद्दल वाचताना मला ते हसू आठवले.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मी मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवले होते. तुम्ही लिहिता, ‘इतक्या कन्नड लोकांत ती माझ्याशीच मोकळेपणाने बोलायची, तेव्हा मला वाटले आमचे जुळते आहे.’ सीमाभागात राहणाऱ्या कोणालाही हे वाक्य समजेल. कचेरीच्या खिडकीपलीकडून मराठी शब्द ऐकू आला, की आपला जीव भांड्यात पडतो. समोरचा अनोळखी असला तरी आपल्यातला वाटतो. तिलाही तसेच वाटले असणार. पण तो दिलासा भाषेचा होता आणि तुम्ही तो स्वतःसाठी आहे असे समजलात. नोटीस बोर्डावर लागलेला कागद तिला वाचता येत नव्हता आणि तो समजावून सांगणारे माणूस तुम्हीच होतात. ज्याच्याशी बोलल्यावाचून आपले अडते, त्याच्याशी माणूस गोडच बोलते. मेसेजना उत्तर देणे थांबवताना तिने ही एकमेव मदतही सोडून दिली, हे लक्षात घेतलेत तर तिच्या गप्प राहण्याचे वजन तुम्हाला कळेल.

आता पुढे काय करावे? तुमच्यासमोर काही वाटा आहेत. पहिली, तिला एकदा भेटून सगळे समजावून सांगणे. ही वाट चांगल्या मनाच्या माणसाला हमखास सुचते, परंतु त्या भेटीत हलके होणार ते तुमचे मन. तिला मात्र ज्या माणसाचा त्रास होतो त्याच्यासमोर बसून, त्याला बरे वाटावे म्हणून मान हलवावी लागेल. दुसरी, लांबलचक माफीचा मेसेज. तोही शेवटी आणखी एक मेसेजच आहे. याबाबतीत कायद्याची एक बाजूही जाणून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्ट दाखवल्यानंतरही जवळीक वाढवण्यासाठी तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे हा पाठलागाचा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अक्कांनी तुम्हाला बाजूला घेतले त्या दिवसापर्यंत ‘मला कळले नाही’ असे म्हणायला थोडी तरी जागा होती. त्या दिवसानंतर ती उरली नाही. तिसरी वाट, काहीच झाले नाही असे दाखवून पूर्वीसारखे वागणे. ती मला भित्रेपणाची वाटते, कारण तिचा पगार, पाळी आणि शिफारस त्यामुळे तुमच्याच हातात राहतात.

मी सुचवेन ती वाट अशी. मेसेज आजपासून पूर्ण बंद करा. सुप्रभाताचे चित्र नको, सणाच्या शुभेच्छा नकोत, दुसऱ्याच्या फोनवरून नकोत. अक्कांकडे जा, वाद न घालता ‘मला समजले’ एवढे सांगा आणि विचारा की तिला पूर्वीची पाळी परत हवी आहे का. हे विचारल्याशिवाय पाळी बदलू नका, कारण दुसऱ्यांदाही तिच्या वतीने तुम्हीच ठरवणे बरोबर नाही. तिच्या हजेरीचे, ओव्हरटाईमचे आणि शिफारशीचे काम दुसऱ्या सुपरवायझरकडे द्यावे, अशी विनंती व्यवस्थापकांना करा. कारण विचारले तर दोष स्वतःकडे घ्या, मात्र त्याआधी अक्कांकरवी तिचे मत घ्या, कारण एका वाक्यावरून कारखानाभर तिचे नाव होऊ शकते. माफी मागायचीच असेल, तर ती अक्कांकडे दोन ओळींत सांगून ठेवा आणि ती तिच्यापर्यंत पोहोचवायची की नाही हे तिच्यावर सोडा. सहकाऱ्यांची ‘वहिनी’ ही हाक मात्र तुम्हालाच थांबवायची आहे, आणि तेही आजच. तुम्ही हसलात म्हणून ती चालू राहिली. पुढच्या वेळी कोणी तसे म्हणाले, की सर्वांसमोर ठणकावून सांगा: ‘असे बोलू नका, त्यात काही तथ्य नाही, चूक माझी होती.’

प्रकरण समितीकडे गेलेच, तर घाबरून मेसेज पुसू नका, तिच्यावर किंवा अक्कांवर कोणाकरवी दबाव आणू नका. तक्रारीची प्रत तुम्हाला मिळेल, उत्तर देण्यासाठी १० कामकाजाचे दिवस मिळतील आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे. चौकशीपूर्वी समेट होऊ शकतो, पण तो तिने मागितला तरच, आणि पैशांच्या मोबदल्यावर मुळीच नाही. ‘खोटी तक्रार’ हा शब्द मित्रांच्या तोंडून तुमच्या कानावर येईलच. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. जे घडले ते जसेच्या तसे सांगा. सत्य सांगणाऱ्या माणसाला शिक्षा होतच नाही असे आश्वासन मी देणार नाही, पण पाळी कामाच्या सोयीसाठी बदलली असे खोटे सांगून तुम्ही तिला दुसऱ्यांदा त्रास द्याल.

हे पत्र वाचणाऱ्या आणि त्या मुलीच्या जागी असलेल्या वाचकांनाही थोडे सांगायचे आहे. शक्य असेल तर एक वाक्य लिहून पाठवा: ‘सर, कामाव्यतिरिक्त मेसेज करू नका.’ ते पाठवायचे बळ नसेल तर तुमची बाजू कमजोर होते असे मात्र समजू नका. विश्वासाच्या व्यक्तीकरवी निरोप पोहोचवणे हाही नकारच आहे. तारखा वहीत लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा. तक्रार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. प्रशिक्षणार्थी, कंत्राटी, रोजंदारीवरील अशा सर्व स्त्रिया या कायद्यात येतात. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष ज्येष्ठ पदावरील स्त्रीच असली पाहिजे आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. वडगाव-शहापूरच्या चार-सहा मागांच्या कारखान्यात किंवा निपाणीच्या एखाद्या लहान वखारीत काम करणाऱ्या बायका विचारतात, आमच्याकडे कुठली समिती? दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तिची माहिती महिला व बालविकास खात्याच्या कचेरीत मिळते. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते. १८१ या क्रमांकावर महिलांसाठी मदत मिळते, आणि उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर विचारता येते.

भाषेमुळे अनेक बायका मागे हटतात, म्हणून हेही सांगते. तक्रार लिहिता येत नसेल तर ती लिहून घ्यायला मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरली जाते, हे मी कोणाला वेगळे सांगायला नको.

पुन्हा तुमच्याकडे वळते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर नवी परिपत्रके लागतील, कपातीची स्लिप हातात येईल, आणि ती कोणाकडे घेऊन जावी हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहील. त्याआधी अक्कांना सांगा की, विभागातील सूचना मराठीतही लावाव्यात अशी मागणी तुम्ही व्यवस्थापकांकडे करणार आहात, आणि तोपर्यंत त्या तिला समजावून सांगण्याचे काम हिशेब विभागातील कोणीतरी करावे. समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक असलेला फलकही सध्या फक्त कन्नडमध्ये आहे, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. त्या मागणीत हा फलक पहिला घ्या.